तेलाचा रिपोर्ट वाचताना

अरे, 2002 ची बीएमडब्ल्यू एम-थ्री घेतलीस आणि तेलाच्या पहिल्याच रिपोर्टात शिसं 12 पीपीएम दिसलं म्हणून तुझी झोप उडाली. आधी तो आकडा केवढा आहे ते बघ. पीपीएम म्हणजे किलोभर तेलात एक मिलिग्रॅम. तुझ्या इंजिनात साडेपाच लिटर तेल पडतं, वजनाने पावणेपाच किलोच्या आसपास. म्हणजे सगळं शिसं मिळून साठ मिलिग्रॅमसुद्धा नाही. एवढ्यावरून बेअरिंग गेलं असं होत नाही, आणि ते धडधाकट आहे असंही होत नाही. ते तेल किती किलोमीटर चाललं होतं, ते मला आधी सांग.

ल्युब्रिकंटच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेल्या मावशीचं पहिलं सांगणं हेच. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. 8000 किलोमीटरला 12 आणि 4000 किलोमीटरला 12 यांत झिजेचा वेग दुप्पट आहे. मधे लिटरभर तेल वर घातलं असशील तर आकडे आपोआप खाली येतात, आणि हे इंजिन तेल पितं. म्हणून टॉप-अप लिहून ठेवायचा, किलोमीटर लिहायचे, प्रयोगशाळा बदलायची नाही, तेलाचा ब्रँडही बदलायचा नाही. निदान तीन रिपोर्ट हातात आल्याशिवाय या इंजिनाची चाल कशी आहे ते कळणार नाही. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेने 1940 च्या दशकात डिझेल इंजिनांच्या तेलातले धातू मोजायला सुरुवात केली. तेव्हापासून या विद्येचा सगळा भर एकाच इंजिनाचे लागोपाठचे नमुने ताडून बघण्यावर आहे.

नमुना मात्र जिवापाड जपून घे. गाडी वीस-तीस मिनिटं चालव, तेल पुरतं तापू दे. ड्रेन नट काढल्यावर पहिली धार जाऊ दे, मधल्या धारेत बाटली धर, तळाचा गाळ घेऊ नकोस. बाटली प्रयोगशाळेने दिलेलीच वापर. सोबत त्याच डब्यातलं कोरं तेल एकदा पाठवून ठेव. तेल कंपन्या स्वतःही त्यात बरंच काही घालतात, ते माहीत नसलं तर तू नको तिथे रोग शोधशील.

आता वाचायचं कसं. तुझ्या एस-54 इंजिनाची दुखरी जागा कॉन-रॉड बेअरिंग. 8000 आरपीएमपर्यंत फिरणारं 3246 सीसीचं सहा सिलेंडरचं इंजिन, त्यात सगळ्यात जास्त मार खातात ती याच बेअरिंगची शेल्स. 2001 ते 2003 च्या गाड्यांसाठी बीएमडब्ल्यूने ती बदलून देण्याची मोहीमच काढली होती, तुझ्या कागदपत्रांत तशी नोंद आहे का ते शोध. शेलच्या वरच्या थरात शिसं, त्याखाली तांबं. म्हणून एकटं शिसं थोडं वाढलं तर लक्ष ठेव, शिशाच्या मागोमाग तांबंही चढायला लागलं तर वरचा थर संपत आला असं समज. तुझ्या मित्राच्या पुढच्या पिढीतल्या व्ही-8 एम-थ्रीला हा नियम लावू नकोस. त्या इंजिनात पुढे शिसं नसलेली शेल्स आली, तिथे शिसं शून्य आलं म्हणून निर्धास्त राहणारा फसतो. तिथे कथील आणि ॲल्युमिनियम बघायचं.

सिलिकॉन वाढलं की सगळे धूळ म्हणतात. एअर फिल्टरची नळी तडकली असेल तर ती धूळच, आणि मग लोखंडही सोबत चढतं. पण नुकतंच गॅस्केट बदललं असेल तर ते सीलंटमधून येतं आणि पुढच्या दोन-तीन तेलबदलांत उतरतं. सोडियम आणि पोटॅशियम जोडीने आले तर कूलंट तेलात शिरतंय का ते तातडीने बघ. 10 डब्ल्यू-60 तेलाची 100 अंशांवरची व्हिस्कॉसिटी किमान 21.9 सेंटिस्टोक असायला हवी. ती खाली आली असेल तर शेजारचा फ्लॅश पॉइंट बघ. तोही पडला असेल तर तेलात पेट्रोल उतरतंय.

एवढं सगळं असूनही हा रिपोर्ट मोठ्या कणांच्या बाबतीत आंधळा आहे. यंत्रात तेलाचा फवारा प्लाझ्मात जाळतात आणि प्रत्येक धातूचा प्रकाश मोजतात. साधारण 5 ते 8 मायक्रॉनहून मोठा कण त्यात नीट जळतच नाही. याच इंजिनात व्हॅनॉसच्या, म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेच्या, हबचे कान तुटून तळाशी पडतात, तेव्हाही रिपोर्ट बिनबोभाट येऊ शकतो. म्हणून तेल बदलशील तेव्हा फिल्टर टाकून देऊ नकोस. त्याच्या कागदी घड्या कात्रीने सोडव, पट्टी पांढऱ्या कागदांत दाबून तेल निपटून काढ आणि उन्हात तिरकी धरून बघ. पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून फिरव. चिकटेल ते लोखंड किंवा पोलाद. न चिकटणारी तांबूस चमक दिसली, तर रिपोर्ट यायची वाट बघू नकोस, गाडी उभी कर.

तुझी नंबरप्लेट हंगामी, मार्च ते ऑक्टोबरचीच आहे ना, बाकीचे महिने गाडी उभी? मग तेल हिवाळ्याआधी बदल. नमुनाही तेव्हाच घे. वापरलेल्या तेलातलं आम्ल चार महिने त्या शिशाच्या थरावर बसून राहणं मला मान्य नाही. आणि वसंतात पहिल्यांदा गाडी काढशील तेव्हा टॅकोमीटरवरचे ते पिवळे दिवे विझेपर्यंत इंजिन ओढू नकोस. तेल तापलं की ते एकेक करून विझतात, ते त्यासाठीच दिलेत. कुठल्याही महागड्या तेलापेक्षा या सवयीने बेअरिंग जास्त टिकतं असं माझं ठाम मत आहे.

लागोपाठ दोन रिपोर्टांत शिसं आणि तांबं दोन्ही चढले, किंवा फिल्टरने तसं सांगितलं, तर इंजिन खोलायची वेळ येऊ देऊ नकोस. पुढची सबफ्रेम उतरवून, सम्प काढून शेल्स खालूनच बदलता येतात. बोल्ट नवेच घाल. काढलेली बाराही शेल्स सिलेंडरच्या क्रमाने वेगवेगळ्या पाकिटांत ठेव, वरचं-खालचं लिही, आणि फोटो मला पाठव. तुझ्या रिपोर्टांशी ताडून बघायचे आहेत.