खोडाळ्याच्या रानांतील पानगळ



इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांत ‘ऑटम’ या ऋतूचें वर्णन तुम्ही सर्वांनीं वाचलें आहे. त्या पुस्तकांतील झाडें ऑक्टोबर महिन्यांत तांबडीं-पिवळीं होतात आणि नाताळ येईपर्यंत उघडीं-बोडकीं उभीं राहतात. शब्दकोशांत त्या शब्दापुढें ‘शरद ऋतु’ असा अर्थ दिलेला असतो. आणि मग शरदांत आपल्याकडील झाडांकडे पाहावें, तों तीं हिरवींगार! पावसाळा नुकताच सरलेला, भात कापणीला आलेलें, नागलीचीं कणसें भरलेलीं, ओढे अजून वाहत असलेले. तेव्हां विद्यार्थ्याची अशी समजूत होते कीं, पानांचा रंगोत्सव ही परदेशाची, फार तर काश्मीरच्या चिनारांची, मिरास आहे. आपल्या वांट्यास ती आलेलीच नाहीं. ही समजूत दूर करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं फार दूर जावयास नको. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यांतील खोडाळा हें गांव आणि त्याभोंवतालचें जव्हार-मोखाड्याचें रान एवढें आपणांस पुरेसें आहे.

प्रथम ऋतु कोणता तें ठरवूं. आपल्या पूर्वजांनीं वर्षाचे सहा भाग पाडले आणि त्यांतील पानगळीचा भाग शिशिराकडे, म्हणजे माघ-फाल्गुनाकडे, दिला. या रानांत तो हिशेब बराचसा खरा ठरतो. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. थंड देशांत पानगळ व पालवी यांच्यामध्यें बर्फाचे महिने असतात; येथें एका झाडाचा शिशिर संपण्यापूर्वींच शेजारच्या झाडाचा वसंत सुरू झालेला असतो. यामुळें आपली पानगळ पाहणाराला एकाच उतारावर म्हातारपण व बालपण हीं दोन्हीं एकदम पाहावयास मिळतात.

आतां पानें गळतात तरी कां? पान हें झाडाचें स्वयंपाकघर होय. मुळांनीं आणलेलें पाणी, हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु व सूर्याचा प्रकाश यांच्या साह्यानें तेथें अन्न तयार होतें. आणि हें काम ज्याच्या बळावर चालतें तें हरितद्रव्य पानाला हिरवा रंग देतें. परंतु पानाच्या असंख्य सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफहि सतत बाहेर जात असते. युरोप-अमेरिकेंत पानें गळतात तीं थंडीमुळें व दिवस लहान होत गेल्यामुळें. आपल्याकडे तीं मुख्यतः तहानेमुळें गळतात. या भागांत वर्षाला सुमारें २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढील आठ महिने झाडानें शिलकीवर काढावयाचे असतात. उतारावरची माती उथळ असल्यामुळें ती शिल्लक लवकर आटते, आणि खर्च कमी करण्यावांचून झाडाला गत्यंतर राहत नाहीं.

झाड हा खर्च मोठ्या शिस्तीनें कमी करतें. प्रथम पानांतील हरितद्रव्याचें विघटन होतें व नत्र, स्फुरद यांसारखीं मोलाचीं द्रव्यें पुष्कळ अंशीं फांदींत परत घेतलीं जातात. हिरवा रंग ओसरला कीं, त्याखालीं पहिल्यापासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग बहुधा त्या वेळीं नव्यानें तयार होतो. शेवटीं देठाच्या बुडाशीं पेशींचा एक कमजोर थर बनतो, पान तेथून सुटतें व त्या जागीं बुचासारखें आवरण धरतें. सारांश, वारा केवळ निमित्त होतो. पान झाडानेंच सोडलेलें असतें.

ज्याला हा सोहळा क्रमानें पाहावयाचा असेल त्यानें मार्गशीर्षांत आरंभ करावा. शेमट व सावर हीं झाडें आधीं मोकळीं होतात. सावरीच्या उघड्या फांद्यांवर जानेवारीपासून मोठमोठीं लाल फुलें दिसूं लागतात. पुढें धावडा तांबूस होतो, बोंडाऱ्यावर तांब्याची झांक येते, काकडाचीं पानें पिवळीं-नारिंगी होतात. सागाच्या पानांत शोभा थोडी, पण शिकण्यासारखें फार. पावसाळा सरतां सरतां एका लहान पतंगाच्या अळ्या त्याच्या शिरांमधील हिरवा गर खाऊन टाकतात, आणि पान जाळीदार कापडासारखें दिसूं लागतें. असें पान उजेडासमोर धरलें असतां पानांतील पाण्याचे सारे पाट स्पष्ट दिसतात. कोणत्याहि आकृतीपेक्षां तें चांगलें शिकवितें. ऐन, ज्याला या बाजूस सादडा म्हणतात, तो आपल्या भेगाळलेल्या सालीवरून दुरून ओळखूं येतो. फाल्गुनांत पळस पानें टाकून केशरी फुलांनीं भरतो. ज्याला तीनच पानें म्हणून आपण म्हणींत हिणवितों, त्यानें या दिवसांत सारा माळ उजळून टाकलेला असतो.

या साऱ्यांत मुकुटमणि म्हणजे कोशिंब अथवा कुसुम. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हें झाड एकाएकीं रक्तवर्ण होतें. दुरून पाहणारास तें फुललेलें वाटतें. जवळ गेल्यावर कळतें कीं, तीं सर्व नुकतीं फुटलेलीं कोंवळीं पानें आहेत. मोहाची व पिंपळाची पालवीहि अशीच तांबूस असते. ज्या उन्हांत जमीन तापून निघते त्याच उन्हांत, पाऊस यावयास दोन-तीन महिने असतां, हीं झाडें खोल मुळांच्या व खोडांतील साठ्याच्या जोरावर पालवतात. म्हणजे मृगाचा पाऊस येतो तेव्हां त्यांचीं पानें कामास सिद्ध असतात. कोंवळ्या पानांतील तांबडें द्रव्य त्यांचें प्रखर उन्हापासून व किडींपासून रक्षण करीत असावें, असें शास्त्रज्ञांचें मत आहे. थंड देशांत पान मरतांना लाल होतें. आमच्या रानांत पुष्कळ पानें जन्मतांना लाल असतात. हा भेद ज्याला कळला त्याला दोन देशांचीं हवामानें कळलीं.

पाहावें कोठून? मुंबईकडून येणारांनीं आगगाडीनें कसाऱ्यास उतरावें व विहीगांवावरून खोडाळ्यास येणाऱ्या रस्त्यानें जावें. जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत या वाटेवर सागाच्या व ऐनाच्या रानाचें रूप आठवड्या-आठवड्यानें पालटतें. खोडाळ्याहून सूर्यमाळ जवळ आहे. तेथील उंचावरून सभोंवारचे उतार एका दृष्टिक्षेपांत येतात. जव्हार हें १९४८ पर्यंत संस्थानची राजधानी असलेलें गांव सुमारें दीड हजार फूट उंचीवर वसलें आहे. तेथील हनुमान पॉइंटावरून खालची दरी पाहावी. सकाळची अथवा उतरत्या उन्हाची वेळ साधावी, आणि पान आपल्या व सूर्याच्या मध्यें येईल असें उभें राहावें. मोबाइलनें छायाचित्र घेण्यापूर्वीं चार घटका नुसतें पाहावें. झाडाचें नांव कळलें नाहीं, तर गुरें राखणाऱ्या मुलास विचारावें. वारली, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी मुलांना रानाचें जें ज्ञान असतें तें पुष्कळ पदवीधरांना नसतें.

येथवर शोभेची गोष्ट झाली. परंतु गळलेल्या पानाचें खरें काम तें जमिनीवर पडल्यानंतर सुरू होतें. पाचोळ्याचा थर मृगाच्या सरींचा मारा आपल्या अंगावर घेतो, धांवत्या पाण्याला अडवितो, त्याला जमिनींत मुरण्यास अवकाश देतो आणि स्वतः कुजून मातीला खत होतो. हाच पाचोळा फाल्गुन-चैत्रांत वणव्याच्या भक्ष्यस्थानीं पडतो. कोणी मोहाचीं फुलें वेचण्यास सोपें जावें म्हणून झाडाखालीं आग लावतो, कोणी जळती विडी फेकतो, आणि एका रात्रींत डोंगर काळा होतो. येथें एक विवेक करावयास हवा. शेतकरी रोपें टाकण्यापूर्वीं ठराविक वाफ्यावर पालापाचोळा, शेण व गवत पसरून राब भाजतो, तें त्याच्या शेतीचें अंग आहे व तो त्या आगीवर नजर ठेवून असतो. वणव्याला मात्र राखणदार नसतो. उघड्या पडलेल्या उतारावरून पहिल्या पावसांतच माती वाहून जाते, आणि त्याबरोबर पुढील वर्षाचें पाणीहि जातें.

पाण्याचा हा प्रश्न येथें पुस्तकी नाहीं. याच डोंगरांतून वाहणाऱ्या वैतरणेवर मोडकसागर (१९५७), अप्पर वैतरणा (१९७३) व मध्य वैतरणा हीं धरणें आहेत, आणि त्यांचें पाणी मुंबईस जातें. मध्य वैतरणेचा १०२ मीटर उंचीचा बांध तर मोखाडा तालुक्यांतील कोचाळ्याजवळच आहे. असें असतां याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरील बायका चैत्र-वैशाखांत हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें वीटभट्ट्यांवर व शहरांतील कामांवर निघून जातात. झाडांबरोबर पाडेहि रिकामे होतात. शिमग्याला माणसें परततात तीं थोड्या दिवसांसाठीं. पाणी व शेतीचा ओलावा टिकला, तर यांतील कांहीं घरें तरी उघडीं राहतील. म्हणून पाचोळा राखणें हें सौंदर्यदृष्टीचें जितकें, तितकेंच शेजारधर्माचें कार्य आहे.

मार्च महिन्यांत सूर्यमाळेकडून खालीं पाहिलें असतां करड्या-तपकिरी उतारांमधून हिरव्या रेघा गेलेल्या दिसतात. त्या ओढ्यांच्या रेघा होत. तेथील उंबर, जांभूळ व करंज यांचीं मुळें ओलाव्याशीं असल्यामुळें तीं झाडें या दिवसांतहि सावली देतात. पहिल्या स्तोत्राच्या कर्त्यानें नीतिमान् मनुष्याला पाण्याजवळ लावलेल्या झाडाची उपमा कां दिली, हें जेथें वर्षभर पाऊस पडतो तेथील वाचकास सहज समजणार नाहीं. पॅलेस्टाईनचा उन्हाळा कोरडा, आपलाहि कोरडा. म्हणून ती उपमा आपणांस डोळ्यांनीं पाहतां येते. मात्र उतारावरील उघड्या ऐनाला अधार्मिक समजूं नये! पाणी कमी असतां आपला खर्च आंवरून धीरानें उभें राहणें हाहि सद्गुणच आहे, आणि तो या भागांतील माणसांनींहि चांगला जाणला आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या शाळेजवळचें एक झाड निवडा. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत दर रविवारीं त्याचीं पानें पाहून रंग, गळ व पालवी यांच्या तारखा वहींत लिहा. पुढील वर्षीं त्याच तारखा ताडून पाहा.

२. ‘ऑटम’ या शब्दासाठीं ‘शरद’ हा प्रतिशब्द कोठें योग्य व कोठें अयोग्य, तें सकारण सांगा.

३. एकाच उताराचे दोन सारखे तुकडे घ्या. एकावरील पाचोळा ठेवा, दुसऱ्यावरील काढा. दोन्हींवर झारीनें सारखेंच पाणी घाला व खालीं वाहून आलेलें पाणी निरनिराळ्या भांड्यांत धरून त्याचें माप व गढूळपणा यांची तुलना करा.

४. वणवा लागूं नये म्हणून आपल्या गांवीं काय करतां येईल, हें घरांतील वडील मंडळींस विचारून दहा ओळींत लिहा.