कुणाची वाटी, कुणाचं वरण? कॅलरी मोजताना काय करावं, काय टाळावं

कॅलरी मोजणाऱ्या एखाद्या मोठ्या अ‍ॅपमध्ये 'वरण' शोधलं की एकाच नावाखाली नोंदींची रांग लागते. एका नोंदीत वाटीला शंभराच्या आत किलोकॅलरी, दुसरीत त्याच्या दुप्पट. वाटी केवढी, डाळ किती, वर तूप घातलं होतं का, याचा कुठेच पत्ता नसतो. यातल्या बऱ्याचशा नोंदी प्रयोगशाळेतून आलेल्या नसतात. वापरणाऱ्यांनी आपापल्या अंदाजाने त्या भरलेल्या असतात. २००५ साली सुरू झालेलं मायफिटनेसपाल एवढं पसरलं ते मुख्यतः अशाच लोकांनी भरलेल्या नोंदींच्या जोरावर. शोधलं ते लगेच सापडतं, ही मोठी सोय आहे. पण सापडलेला आकडा आपल्या ताटाचा आहे की भलत्याच कुणाच्या ताटाचा, हे सांगायला तिथे कुणी बसलेलं नसतं. आणि त्या आकड्यावर विसंबून माणसं अर्धी भाकरी कमी करतात, काही जण तर इन्सुलिनची मात्रा ठरवतात. म्हणून या चुका मला किरकोळ वाटत नाहीत.

काय करावं

कच्चं मोजलं तर कच्च्याचीच नोंद निवडा, शिजलेलं मोजलं तर शिजलेल्याची. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० किलोकॅलरी असतात. तोच तांदूळ पाणी पिऊन अडीच-तीनपट होतो, म्हणून १०० ग्रॅम भातात जेमतेम १३० उरतात. ताटातला १५० ग्रॅम भात मोजून तांदळाची नोंद निवडली, तर १९५ ऐवजी ५२५ लिहिले जातात. उलट झालं तर तेवढंच खाणं हिशेबातून गळतं. नोंदीत नुसतं 'राइस' लिहिलेलं असेल तर १०० ग्रॅमचा आकडा बघा. १३० च्या आसपास असेल तर भात, ३५० च्या आसपास असेल तर तांदूळ. मधलाच काहीतरी आकडा दिसला तर ती नोंद सोडून द्या.

पातळ पदार्थात आतला ऐवज मोजा. वाटीभर घट्ट वरणात ३० ग्रॅम डाळ असू शकते आणि तेवढ्याच वाटीभर पातळ आमटीत १५ ग्रॅम. कच्च्या तूरडाळीच्या १०० ग्रॅमला सुमारे ३३० किलोकॅलरी धरल्या, तर एकीकडे १०० आणि दुसरीकडे ५० होतात, फोडणीचं तेल वेगळं. पाण्याला कॅलरी नसतात. म्हणून सकाळी कुकरला डाळ लावतानाच तिचं वजन करा आणि ती किती जणांत वाटली गेली ते बघा.

प्रत्येक पातेल्याचं, कढईचं रिकामं वजन एकदा लिहून ठेवा. फ्रिजवर चिकटवलेल्या एका कागदावर हे मावतं. त्यानंतर घरच्या पदार्थाचा हिशेब कुठल्याही अनोळखी नोंदीपेक्षा खरा होतो. साबुदाण्याची खिचडी घ्या. कोरडा साबुदाणा २५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८७५ किलोकॅलरी. शेंगदाण्याचं कूट १०० ग्रॅम, सुमारे ५६०. बटाटा २०० ग्रॅम, १५०. तूप ४० ग्रॅम, ३६०. चमचाभर साखर, २०. बेरीज १,९६५. आता खिचडीसकट कढई काट्यावर ठेवा आणि रिकाम्या कढईचं वजन वजा करा. समजा खिचडी ८०० ग्रॅम भरली, तर १०० ग्रॅमला २४५ किलोकॅलरी आणि २०० ग्रॅमच्या बशीला ४९०.

यातल्या जवळजवळ निम्म्या कॅलरी कूट आणि तूप या दोनच गोष्टींतून आल्या. ज्या घरात कूट मूठभरच घालतात, तिथली खिचडी वेगळी. जिथे तुपाचा हात सैल आहे, तिथली आणखी वेगळी. अ‍ॅपमधली 'साबुदाणा खिचडी, १ वाटी' ही नोंद यांपैकी कोणत्या घराची, ते कळायला मार्ग नाही. कांदेपोहे, थालीपीठ, भरली वांगी, शिरा, सगळ्यांचं हेच आहे. जिथे तेल-तूप, कूट आणि खोबरं घालणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं, तिथे परक्याची नोंद घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चार-चार-नऊ करून पाहा. प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी, कर्बोदकांच्या ४, स्निग्धाच्या ९. नोंदीत प्रथिनं ८, कर्बोदकं ३० आणि स्निग्ध १२ ग्रॅम असतील, तर बेरीज २६० व्हायला हवी. तिथे १४० लिहिलेलं असेल तर काहीतरी चुकलंय. तंतुमय पदार्थ भरपूर असतील तर थोडा फरक पडतो. दारूच्या ग्रॅमला ७ किलोकॅलरी असतात, तो हिशेब वेगळा. पण निम्म्याचा फरक कशानेच समर्थनीय ठरत नाही. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि निम्मा कचरा इथेच बाजूला पडतो.

आकडा किलोज्यूलमधला तर नाही ना, ते बघा. १ किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ किलोज्यूल. युरोपातून किंवा ऑस्ट्रेलियातून आलेल्या पाकिटावर किलोज्यूल छापलेले असतात आणि ते तसेच कॅलरीच्या रकान्यात उतरवले जातात. तेल-तूप निव्वळ स्निग्ध असतं आणि तरी त्याच्या १०० ग्रॅमला ९०० च असतात. त्यामुळे १०० ग्रॅमला ९०० पेक्षा जास्त किलोकॅलरी दाखवणारी खाण्याच्या पदार्थाची कुठलीही नोंद चुकीचीच.

मूळ तक्ता हाताशी ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थ तपासले गेले. आपली ज्वारी, नाचणी, मटकी, शेवग्याची पानं आपल्याच मातीतल्या नमुन्यांवरून मोजलेली तिथे मिळतात. मात्र त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. तूरडाळीपुढे १,३८४ दिसलं तर घाबरू नका. ४.१८ ने भागा, ३३१ येतात. आणि तक्त्यात भर कच्च्या जिनसांवर आहे. त्यात तुमची आमटी शोधू नका, तुमची डाळ शोधा.

दुधाची पिशवी वाचा. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्ध असतं, फुल क्रीममध्ये किमान ६. टोन्डच्या १०० मिलिलिटरला साठाच्या आत-बाहेर किलोकॅलरी, तर सुट्या म्हशीच्या दुधाला शंभराच्या वर. दिवसभराचा चहा, दही, रात्रीचं दूध मिळून ४०० मिलिलिटर होत असेल, तर नुसत्या 'दूध' या नोंदीने रोज दीड-दोनशेंचा फरक पडतो.

पाकीट हातात असेल तर बारकोडवर थांबू नका. पदार्थाची घडण बदलते, बारकोड तोच राहतो आणि जुनी नोंदही तशीच राहते. शिवाय आपल्याकडच्या लेबलांवर आकडे बहुधा १०० ग्रॅमचे असतात. कुणीतरी तेच आकडे '१ पाकीट' म्हणून भरतो आणि पाकीट असतं ४० ग्रॅमचं. लेबल समोर ठेवून जुळवून घ्या.

काय टाळावं

शोधलेल्या यादीतली सगळ्यात कमी कॅलरीची नोंद उचलू नका. तो मोह स्वाभाविक आहे, पण महिन्याभराने काटा हलत नाही आणि दोष आपल्याच शरीराला दिला जातो. 'माझं पचनच मंद आहे' असं म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी एकदा आपल्या रोजच्या नोंदी तपासाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नोंदीपुढे 'तपासलेली' अशी हिरवी खूण दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. आकडा खरा असूनही पदार्थ वेगळा असू शकतो. मोड आलेल्या मुगाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात मोडाच्या मुगाला १०० ग्रॅमला ३० किलोकॅलरी आहेत आणि ते बरोबरही आहे, कारण ते चिनी पद्धतीच्या स्वयंपाकातले लांबलचक, पाणीदार मोड आहेत. आपण फडक्यात बांधून काढतो ते एका दिवसाचे, बोटाच्या पेराहून लहान मोड. सुका मूग भिजून आणि मोड येऊन वजनाने साधारण दुप्पट-अडीचपट होतो, म्हणजे त्याच्या १०० ग्रॅमला १४० ते १७० पडतात. उसळीसाठी तिकडची नोंद निवडली तर हिशेब चार-पाच पटींनी कमी येतो. आणि तो चुकतो ती नोंद अगदी अधिकृत असताना.

ओलं आणि सुकं एकत्र करू नका. ओल्या खोबऱ्याला १०० ग्रॅममागे साडेतीनशे-चारशे, सुक्या खोबऱ्याला साडेसहाशेच्या वर. कोकणात, गोव्यात रोजच्या वाटणात नारळ असतो, तिथे ही चूक रोजची होते. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणी, सुका म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिन. नोंदीत नुसतं 'बोंबील' असेल तर ती घेऊ नका.

'१ चमचा', '१ कप', '१ मध्यम' यांवर विसंबू नका. अमेरिकेचा कप २४० मिलिलिटर, ऑस्ट्रेलियाचा २५०. आपली आमटीची वाटी यांपैकी कुठलीच नाही. तेलाचा छोटा चमचा ४० किलोकॅलरींचा, मोठा १२० चा. भाकरीचं तर विचारूच नका. एका हाताची भाकरी ५० ग्रॅम पिठाची, दुसऱ्या हाताची ९० ची. ग्रॅम नसलेली नोंद वापरायची नाही, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झालं.

फोटोवरून मिळालेला आकडा रस्सा-आमटीला लावू नका. कॅमेऱ्याला मसाल्यात मुरलेलं तेल आणि वाटणातलं खोबरं दिसत नाही.

रिकामा रकाना म्हणजे शून्य, असं समजू नका. याबद्दल फारसं बोललं जात नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. नोंद भरणारा बहुधा कॅलरी आणि फार तर प्रथिनं भरतो. पोटॅशियम, लोह, कॅल्शियम मोकळं सोडतो. दिवसाची बेरीज करताना ते मोकळे रकाने शून्यासारखेच धरले जातात. मूत्रपिंडाच्या आजारामुळे पोटॅशियमवर मर्यादा असलेला माणूस केळं आणि बटाट्याची भाजी खातो. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, बटाट्याच्या १०० ग्रॅममध्येही जवळपास तेवढंच. पण नोंदी अर्धवट असतील तर अ‍ॅप त्याला आज पोटॅशियम अगदी कमी गेलं असं दाखवतं. अशा रुग्णांनी सूक्ष्म पोषकांचे आकडे फक्त मूळ तक्त्यांवरून घ्यावेत आणि आहारतज्ज्ञांना दाखवावेत. सोडियमच्या बाबतीत आणखी एक: युरोपातल्या लेबलवर मीठ लिहितात, आपल्याकडे सोडियम. मिठाचा आकडा सोडियमच्या अडीचपट असतो. दोन्हींची सरमिसळ रक्तदाबाच्या रुग्णाला महागात पडते.

अनोळखी नोंदीवरून इन्सुलिनची मात्रा ठरवू नका. टाइप १ मधुमेहात जेवणातली कर्बोदकं मोजून इन्सुलिन घेतलं जातं. ७० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. नोंदीत २० लिहिलेली असतील तर इन्सुलिन कमी पडेल आणि साखर चढेल. नोंद उलट बाजूने चुकली, तर इन्सुलिन जास्त होऊन साखर ७० च्या खाली जाईल. त्यात घाम, थरथर, बेशुद्धी, काहीही होऊ शकतं. ज्या घरात टाइप १ मधुमेह असलेलं मूल आहे, तिथे नेहमीच्या पंधरा-वीस पदार्थांचं स्वतः वजन करून वही तयार करावी, ती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी आणि आजी-आजोबांपासून डबा देणाऱ्या शेजारणीपर्यंत सगळ्यांनी तीच वही वापरावी.

दहा-वीस कॅलरींसाठी जीव टांगणीला लावू नका. अमेरिकेत लेबलवरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षातल्या कॅलरी २० टक्क्यांपर्यंत जास्त भरल्या तरी ते नियमात बसतं. लग्नाच्या पंगतीत वजनकाटा काढायची गरज नाही. मोजताना अपराधी वाटू लागलं, चक्कर येऊ लागली किंवा पाळी चुकू लागली, तर मोजणं थांबवून आधी डॉक्टरांना भेटा.

स्वतः नोंद भरताना

पदार्थाच्या नावातच 'कच्चं' की 'शिजलेलं' ते लिहा. आकडे १०० ग्रॅमचे द्या. पाकिटाचा पदार्थ असेल तर लेबल पाहून सगळे रकाने भरा आणि वर्ष टाका. २०१२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या ओपन फूड फॅक्ट्स या खुल्या संग्रहात नोंदीसोबत लेबलचे फोटोही ठेवतात, त्यामुळे पुढच्याला पडताळून पाहता येतं. ही पद्धत सगळ्या अ‍ॅपनी सक्तीची करायला हवी. वापरणाऱ्यांच्या फुकटच्या श्रमांवर एवढा संग्रह उभारायचा आणि तो निवडून-पाखडून ठेवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकायची, हे मला पटत नाही.

घरची आमटी सार्वजनिक यादीत टाकू नका, ती आपल्या खासगी पाककृतींमध्ये ठेवा. दुसऱ्याची नोंद आपल्या कृतीप्रमाणे बदलू नका, ती वापरणाऱ्या सगळ्यांचा हिशेब त्यामुळे बिघडू शकतो. आणि धडधडीत चुकीची नोंद दिसली, तर नुसती पुढे सरकवू नका. तक्रारीचं बटण असतं, ते दाबा आणि योग्य आकडा कुठून घेतला तेही लिहा.