कोस्टा रिकाला पहिल्यांदा निघताना

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आता कोस्टा रिकाची चौकशी करणारे भेटू लागलेत. जे विचारतात त्यांना मी हेच सांगते.

१. सुट्टी ठरवण्याआधी पाऊस बघा. आपले प्रवास शाळेच्या सुट्ट्यांवर ठरतात: मे, दिवाळी, नाताळ. तिथे पॅसिफिक बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडे, मेपासून पावसाळा. तरी मे महिना मी बाद करणार नाही. सकाळी बहुधा उघडीप असते आणि पाऊस दुपारनंतर येतो, म्हणून भटकंती पहाटेच सुरू करायची. दिवाळी ऑक्टोबरात आली, तर पॅसिफिककडे पावसाचा जोर असतो. कॅरिबियन किनारा मात्र त्याच सुमारास त्या मानाने कोरडा. तिथल्या तोर्तुगेरोला जुलै ते ऑक्टोबर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. मुलांना कोकणातल्या वेळासला कासवं दाखवायला नेलं असेल, तर ती हट्ट धरून तिथेच थांबतील. नाताळात हवा उत्तम, पण दर चढे.

२. अमेरिकेचा अनेक वेळा प्रवेश देणारा वैध व्हिसा असेल, तर कोस्टा रिकाचा वेगळा काढावा लागत नाही. मुलाकडे न्यू जर्सीला जाणाऱ्या आईवडिलांनी तर तिथूनच जाऊन यावं. व्हिसा नसेल तर दिल्लीतल्या वकिलातीत अर्ज. नियम बदलतात, म्हणून तिकिटाआधी तिथेच विचारून घ्या.

३. शेजारचा पनामा जोडणार असाल, तर पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्या. पनामा भारताच्या यादीत आहे आणि परतताना दाखला नसला तर विलगीकरणात ठेवू शकतात. अंधेरीजवळ सहारला विमानतळ आरोग्य विभागाचं केंद्र आहे. आधी नोंदणी करून जा.

४. देश महाराष्ट्राच्या जेमतेम एक षष्ठांश, म्हणून ‘सगळं बघून टाकू’ असं वाटतं. तसं करू नका. आरेनाल ज्वालामुखी आणि मॉन्तेवेर्देचं ढगांतलं जंगल नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये सरोवर आणि डोंगर. तळ्यातून होडीने जा किंवा वळसा घालून गाडीने, अर्धा दिवस जातोच. आठवड्यात दोन मुक्काम पुरेत, फार तर तीन.

५. हॉटेलात काटकसर करा, गाइडमध्ये नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाणकाराबरोबर फिरलेल्यांना हे पटेल. आमच्या गाइडने तिपाईवर दुर्बीण लावली आणि नुसत्या डोळ्यांना वाळक्या पानांचा गठ्ठा वाटत होता तिथे स्लॉथ दिसला: केसांवर शेवाळाची हिरवी झाक, फांदीला अडकवलेली तीन लांब नखं आणि हळूच आमच्याकडे वळलेला चेहरा. माझी मुलगी दुर्बिणीपासून हलेना. मान्वेल आन्तोनियो उद्यानाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा. मंगळवारी ते उद्यान बंद असतं.

६. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. नाश्त्याला गायो पिंतो, म्हणजे भात आणि काळा घेवडा एकत्र परतलेला. ‘सिन कार्ने’ म्हटलं की मांस वगळतात, पण कोंबडी आणि मासे वेगळे सांगावे लागतात: ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’. घेवडा कधी चरबीत परततात, तेही विचारा. लिंबाचं लोणचं आणि चटणी घरून न्या, कारण तिथलं रोजचं जेवण आपल्या जिभेला सपक लागतं.

७. वीज ११० ते १२० व्होल्ट, पिना चपट्या. मोबाइलचा चार्जर चालतो, आपली पाणी तापवायची किटली चालणार नाही.