उताराचें गणित

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत गणित शिकूं जाल, तेव्हां अनेक चलांचें कलन भेटेल. नांवास भिऊं नका. समजा, एका शेताची जमीन पूर्वेस मीटरामागें ३ सेंटिमीटर व उत्तरेस ४ सेंटिमीटर चढते. एक दिशा मोजतांना दुसरी स्थिर धरली, हेंच आंशिक विकलन. पूर्वेस ३ व उत्तरेस ४ ह्या भुजांचा कर्ण ५. त्या कर्णाच्या दिशेसच चढ सर्वांत अधिक, मीटरामागें ५ सेंटिमीटर. पाणी ह्याच्या उलट धांवतें. ह्या दिशेशीं काटकोनांत चढ शून्य. समपातळी बांध तेथेंच घालावा. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें स्मरून ५ व १२ चें उदाहरण स्वतः सोडवा.