मीठ असावे, पण मोजके

उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता हृदय, मेंदू व मूत्रपिंडांना इजा पोहोचवितो. मिठातील सोडियममुळे शरीरात पाणी साठते आणि रक्तवाहिन्यांवरील दाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ घ्यावे. या हिशेबात आमटी-भाजीबरोबरच लोणचे, पापड, सांडगे, सुकी मासळी व फरसाण यांतील मीठही धरावे लागते. उपवासाचे सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असल्याने त्याला सूट नाही.

महाराष्ट्रासह पाच राज्यांत २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नियमित तपासणी व औषधांवर भर दिला. त्यास आहारातील संयमाची जोड हवी. मात्र बरे वाटले तरी डॉक्टरांच्या सल्ल्याविना गोळ्या बंद करू नयेत.