एका भिंगात सर्व काही?

कासारवाडीत महामार्ग, लोहमार्ग आणि ६ मार्च २०२२ पासून मेट्रो शेजारी-शेजारी धावतात. उड्डाणपुलाचा विस्तार व दूरच्या फलकावरील अक्षरे एकाच फेरीत टिपण्यास डिजिटल एस.एल.आर. कॅमेऱ्याचे १८ ते २०० मिलिमीटर झूम भिंग सोयीचे ठरते. भिंग वारंवार बदलावे न लागल्याने आत धूळ जाण्याचा धोकाही घटतो. मात्र रुंद टोकाला सरळ कडा वाकतात. लांब टोकाला छिद्र बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ भिंग त्याच्या सुमारे दहापट प्रकाश घेते. म्हणून उघड्यावरील विकासकामांसाठी झूम घ्यावे. सायंकाळच्या ग्रामसभेसाठी ५० मिलिमीटर, एफ १.८ चे अल्पमोली भिंग जवळ ठेवावे. उपस्थितांचे चेहरेच अस्पष्ट आले, तर छायाचित्राचे पुरावामूल्य उरत नाही.