रात्री दोन वाजता प्रश्न कोणाला विचारावा?



घरात कोणाला कॅन्सर झाल्याचे कळले की सारे घर प्रश्नांनी भरून जाते. डॉक्टरांसमोर दहा मिनिटे मिळतात; तिथे निम्मे प्रश्न आठवत नाहीत आणि रात्री झोप लागत नाही. अशा वेळी आपल्यातील अनेकजण मोबाईलवर चॅटबॉटला विचारू लागले आहेत. त्याचा उपयोग कुठवर करावा, याचा आज आपण विचार करू या.

चॅटबॉट म्हणजे लिहिलेल्या प्रश्नाला लगेच उत्तर देणारा संगणकाचा प्रोग्रॅम. त्याची भाषा गोड आणि ठाम असते, पण माहिती चुकू शकते. २०२३ साली अमेरिकेतील संशोधकांनी चॅटजीपीटीला कॅन्सरच्या उपचारांविषयी १०४ प्रश्न घातले. सुमारे एक-तृतीयांश उत्तरांत योग्य सल्ल्याबरोबर मान्य पद्धतीत न बसणारा सल्लाही मिसळलेला होता. त्यानंतर ही साधने सुधारली आहेत, तरी चुका संपलेल्या नाहीत.

मग उपयोग कशासाठी करावा?

१. रिपोर्टमधील शब्द समजून घेण्यासाठी. उदाहरणार्थ, 'स्टेज' म्हणजे रोग किती पसरला आहे, तर 'ग्रेड' म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात. दोन्ही एक नव्हेत.

२. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करण्यासाठी. ही यादी कागदावर लिहून सोबत न्यावी.

कुठे थांबावे?

१. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, तर मोबाईल बाजूला ठेवावा. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात व साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. रात्र असली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे.

२. औषध बंद करणे, मात्रा बदलणे किंवा काढे, गोळ्या सुरू करणे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

३. रुग्णाचे नाव, आधार क्रमांक, फोन नंबर त्यात लिहू नये.

आता शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तो बहुतेक वेळा आपलेच बोलणे प्रश्न करून परत विचारी. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. आजही रात्री जागणारी एखादी पत्नी किंवा मुलगा तेच करीत असेल, तर त्यांना दोष देऊ नये. कदाचित ऐकायला दुसरे कोणी नसेल. पण त्या पत्नीने दोन दिवस धड जेवण केलेले नाही, हे यंत्राला दिसत नाही. शेजाऱ्याला दिसते.

म्हणून ह्या आठवड्यात आपण एवढेच करू या: आपल्या वाडीतील अशा एका घरी जेवणाचा डबा घेऊन जाऊ, आणि दोन तास रुग्णाजवळ बसून घरच्यांना झोपू देऊ.

कुटुंबात चर्चेसाठी: रात्री अचानक इस्पितळात जावे लागले, तर आपण कोणाला हाक मारू? आपल्याला कोण हाक मारील?